मुका मार

विमानाच्या पंखावर काम करताना मेकॅनिकच्या हातून पाना निसटतो आणि पंखावर आपटतो. पंख ॲल्युमिनियमचा असेल तर तिथे पोचा पडतो. तो भरून येत नाही. पुढच्या तपासणीत नजरेला नाही तर बोटाला सापडतोच. तोच पाना कार्बन तंतूंच्या कॉम्पोझिटवर पडला, तर पृष्ठभाग क्षणभर दबतो आणि पुन्हा जवळजवळ होता तसा होतो. रंगावर एखादा ओरखडा उठला तर उठला. इजा मात्र झालेली असते, आणि ती आत असते. विमान-अभियंत्यांना या मुक्या माराची जितकी धास्ती वाटते, तितकी उघड्या जखमेची वाटत नाही.

ही धास्ती आता रोजच्या प्रवासाशी जोडलेली आहे. २०११ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग ७८७ च्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ५० टक्के वाटा कॉम्पोझिटचा आहे. २०१५ पासून उडणाऱ्या एअरबस ए३५० मध्ये तो ५३ टक्क्यांच्या घरात गेला. नुसते पंख नव्हेत, प्रवासी ज्या धडात बसतात तेही कार्बनचं. तेव्हा न दिसणारी इजा पाहायची कशी, आणि ती पाहण्याचं काम कॅमेऱ्यावर आणि संगणकावर कितपत सोपवायचं, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

आधी आत काय घडतं ते पाहू. कार्बनचा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. असे असंख्य तंतू एकाच दिशेला ठेवून इपॉक्सी राळेत मुरवले की सुमारे ०.१२५ मिलिमीटर जाडीचा एक थर होतो. एक थर उभा, पुढचा ४५ अंशांत तिरका, त्यापुढचा आडवा, मग उलट दिशेला तिरका, असे थर रचत जायचे आणि दाबाखाली, उष्णतेत ते एकजीव करायचे. चार मिलिमीटर जाडीच्या पॅनेलमध्ये असे ३२ थर बसतात. तंतूंच्या दिशेने ताण आला तर हा पदार्थ पोलादाला मागे टाकतो. पण दोन थरांच्या मधल्या जागेत तंतू नसतो, नुसती राळ असते, आणि मार तिथेच लागतो.

वरून आघात झाला की राळेत आधी बारीक तिरपे तडे जातात. तडा पुढच्या थराच्या सीमेवर पोचतो. तिथे तंतूंची दिशा बदललेली असते, त्यामुळे त्याला सरळ खाली जाता येत नाही. तो आडवा वळतो आणि दोन थरांना एकमेकांपासून सोडवतो. हे पापुद्रे सुटणं गोल आकारात होत नाही. सुटलेला भाग खालच्या थराच्या तंतूंच्या दिशेने लांबतो आणि मध्ये आवळलेला असतो, भुईमुगाच्या शेंगेसारखा. एकेका सीमेवर असा एकेक भाग, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि जसजसं खोल जावं तसतसा पसारा वाढत जातो. सर्वांत मोठी इजा बहुतेक वेळा आघाताच्या विरुद्ध बाजूला असते, जिथे तपासणाऱ्याचा हात पोचत नाही.

सुटलेले पापुद्रे ताणाला बऱ्यापैकी तोंड देतात. दाबाखाली मात्र त्यांची गत वेगळी होते. एकसंध असताना जो ३२ थरांचा जाड भाग दाब सहज सोसायचा, त्याचे आता तीन-चार पातळ भाग झालेले असतात, आणि प्रत्येक भाग आपापला बाहेर वाकू लागतो. वाकला की शेजारची सीमा आणखी सुटते. कॉम्पोझिटची परीक्षा घेणारी एक प्रमाणित चाचणी याच कमजोरीवर बेतलेली आहे. १०० बाय १५० मिलिमीटरच्या नमुन्यावर १६ मिलिमीटर व्यासाच्या अर्धगोल टोकाचं वजन उंचावरून सोडतात. आघाताची ऊर्जा जाडीच्या दर मिलिमीटरला ६.७ जूल. चार मिलिमीटरच्या नमुन्याला हे म्हणजे एक किलोचं वजन पावणेतीन मीटरवरून सोडण्यासारखं झालं. मग तो नमुना उभा धरून दाबतात आणि कधी मोडतो ते पाहतात. वरून जेमतेम दिसणाऱ्या इजेनेही दाब सोसण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते.

विमान बांधणारे हे जाणून असतात, म्हणून माणसाच्या नजरेची मर्यादा ते हिशेबातच धरतात. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने, एफएएने, २००९ साली काढलेल्या परिपत्रकात कॉम्पोझिटच्या इजांचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात नजरेतून सुटू शकणारी इजा येते. ती विमानाच्या उभ्या आयुष्यात कुणाला दिसलीच नाही असं धरायचं आणि तिच्यासकट रचनेने ठरलेला कमाल भार पेलला पाहिजे, अशी अट. याचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. तपासणाऱ्याला जे दिसत नाही, त्याची किंमत पॅनेलच्या जाडीत मोजली जाते. ती जाडी म्हणजे वजन, आणि ते वजन विमान दर उड्डाणात वाहत राहतं. नजर सुधारली तर सुरक्षितता वाढेलच, पण पुढच्या पिढीच्या रचनेत काही वजनही वाचू शकेल.

पाचवा वर्ग मला सर्वांत काळजीचा वाटतो. विमानतळावर सामानाची गाडी किंवा शिडीचा ट्रक विमानाला धडकणं यासारख्या घटना त्यात येतात. अशा धडका रचनेच्या हिशेबात धरलेल्याच नसतात. इथे सगळी भिस्त धडक देणाऱ्याने किंवा ती पाहणाऱ्याने लगेच सांगण्यावर आहे. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अशा बोथट धडकांचे प्रयोग झाले. गाडीला रबरी बंपर असेल, तर आतल्या आधारपट्ट्या तडकतात आणि बाहेरच्या कवचावर खूणही राहत नाही, असं त्यांत दिसलं. त्यात भर म्हणजे पडलेला पोचाही होता तसा टिकत नाही. दिवस जातात, दमट हवा लागते, उड्डाणागणिक भार येतो-जातो आणि पोच्याची खोली कमी होत जाते. आतले पापुद्रे मात्र सुटलेलेच राहतात.

या सगळ्या प्रश्नाचा सर्वांत दुःखद धडा प्रवासी विमानाचा नाही, अंतराळयानाचा आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाने उड्डाण केलं. त्यात सात अंतराळवीर होते, त्यांत कर्नालची कल्पना चावला. उड्डाणानंतर ८१.७ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. ती कडा आरसीसीची, म्हणजे कार्बनच्या बंधात कार्बनचेच तंतू असलेल्या कॉम्पोझिटची होती. प्रत्येक पंखाला अशी २२ पॅनेलं होती. परतीच्या वेळी सुमारे १६५० अंश सेल्सियसची उष्णता याच पॅनेलांनी अडवायची होती.

धडक कॅमेऱ्यात टिपली गेली होती. दुसऱ्याच दिवशी तज्ज्ञांनी चित्रफिती पाहिल्या. पण नेमक्या उपयोगाच्या एका कॅमेऱ्याचा फोकस बिघडलेला होता, आणि बाकीच्यांत फोम पंखावर फुटून त्याचा ढग झालेला दिसत होता, पॅनेलचं काय झालं ते दिसत नव्हतं. मग हिशेब करण्यासाठी जे संगणकीय साधन वापरलं, ते मुळात पोटाखालच्या उष्णतारोधक फरश्यांसाठी, फार लहान तुकड्यांच्या चाचण्यांवरून बेतलेलं होतं; कोलंबियावर आदळलेला तुकडा त्या चाचण्यांतल्या तुकड्यांच्या सुमारे ४०० पट होता. कक्षेत फिरणाऱ्या यानाची छायाचित्रं संरक्षण खात्याकडून घ्यावीत, अशी मागणी अभियंत्यांकडून तीन वेळा झाली. ती तडीस गेली नाही. १ फेब्रुवारीला परतताना टेक्ससच्या आकाशात यान फुटलं.

त्याच वर्षी ७ जुलैला सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती धडक पुन्हा घडवून आणली. वायूच्या तोफेतून पाऊण किलोचा फोम ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास वेगाने खऱ्या आरसीसी पॅनेलवर मारला. पॅनेलला ४१ बाय ४२ सेंटिमीटरच्या आसपासचं भगदाड पडलं. फोम हातात घेतला तर वजनही जाणवत नाही, त्याने असं होईल हे तोवर बऱ्याच जणांना पटत नव्हतं.

यानंतर नासाने पाहण्याची सगळी व्यवस्थाच बदलली. २६ जुलै २००५ ला डिस्कव्हरी यान निघालं तेव्हा त्याच्या यांत्रिक हाताला जोडायला १५ मीटर लांबीचा दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला लेझर व कॅमेरे. त्याने पंखांच्या कडा कक्षेतच तपासल्या. अंतराळस्थानकाजवळ पोचल्यावर यानाने सावकाश कोलांटी घेतली, आणि स्थानकातल्या अंतराळवीरांनी ४०० व ८०० मिलिमीटरच्या भिंगांनी त्याच्या पोटाची छायाचित्रं काढली. २००६ च्या जुलैमध्ये अंतराळात चालताना अवरक्त कॅमेऱ्याने आरसीसीच्या नमुन्यांचं चित्रणही करून पाहिलं. कारण नुसत्या छायाचित्रात आतले पापुद्रे दिसत नाहीत.

इथे आपण मूळ अडचणीवर येतो. आतलं दिसावं कसं? सर्वांत जुना उपाय ठोकून पाहण्याचा. नाण्याने किंवा लहान हातोडीने पृष्ठभागावर टकटक करत जायचं. धड भाग खणखणीत वाजतो, सुटलेला भाग बद्द वाजतो. अजूनही हँगरमध्ये हे चालतं. ध्वनिलहरींची तपासणी सर्वांत भरवशाची, पण तिला पृष्ठभागावर पाणी किंवा जेल लावून तो भाग इंचाइंचाने पिंजून काढावा लागतो. एखादा पंख असा पिंजायचा तर विमान किती काळ जमिनीवर अडकेल याचा अंदाज करता येईल. तिरपा उजेड टाकून काढलेल्या छायाचित्रात उथळ पोच्याची सावली पडते, तेही उपयोगी.

पण चित्राच्या मार्गाने आत डोकावण्याचं काम उष्णता फार सुंदर करते. पॅनेलसमोर फ्लॅशचे मोठे दिवे लावतात आणि काही मिलिसेकंदांचा लखलखाट करतात. पृष्ठभाग काही अंशांनी तापतो. मग अवरक्त कॅमेरा सेकंदाला कितीतरी चित्रं टिपत तो निवताना पाहत राहतो. वरची उष्णता आत मुरत जाते. वाटेत सुटलेला पापुद्रा आला की त्यातली हवेची फट तिला अडवते. त्या जागेवरचा पृष्ठभाग शेजारच्यापेक्षा उशिरा निवतो आणि पडद्यावर उजळ ठिपका उमटतो. ठिपका कधी उमटला यावरून फट किती खोल आहे ते कळतं. लागणारा वेळ खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कार्बन-इपॉक्सीत अर्धा मिलिमीटर खोलीवरची फट साधारण अर्ध्या सेकंदात दिसते, एक मिलिमीटरवरची दोन सेकंदांत, दोन मिलिमीटरवरची नऊ सेकंदांच्या आसपास. तोवर उष्णता आजूबाजूलाही पसरलेली असते, म्हणून खोलचा ठिपका फिका आणि कडांना पुसट होतो. जुना ठोकताळा असा, की फटीची त्रिज्या तिच्या खोलीच्या निदान एक ते दोन पट हवी, नाहीतर ती दिसेल असं धरू नये. त्यातून वरचा लहान पापुद्रा खालच्या मोठ्या पापुद्र्याला अंशतः झाकतो. इजा खाली पसरत जात असल्याने मोठा भाग कडेकडेने डोकावतो, आणि तोच नेमका सर्वांत अंधुक असतो.

अशा शेकडो चित्रांच्या मालिकेतून इजा हेरण्याचं काम पूर्वी तज्ज्ञाच्या डोळ्यांनी आणि थोड्या गणिताने होत असे. धड जागी तापमान एका ठरलेल्या वक्राने उतरतं. वेळ आणि तापमान दोन्ही लॉगच्या मापात मांडलं तर ती उणे अर्ध्या उताराची सरळ रेषा होते. एखाद्या बिंदूची रेषा मध्येच वाकली की खाली काहीतरी आहे. हे गणित अजूनही उत्तम आहे, आणि ज्याला यंत्र शिकवायचं आहे त्याने ते आधी शिकावं असं मला ठामपणे वाटतं. आता हे काम चेताजालांना, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालींना, शिकवतात. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात यू-नेट नावाचं चेताजाल तयार झालं, ते सूक्ष्मदर्शकातल्या पेशींच्या कडा आखण्यासाठी. चित्रातला प्रत्येक बिंदू कशाचा हे ते सांगतं, आणि त्याला शिकवायला चित्रं थोडीच लागतात. ३० च्या आसपास चित्रांवरही त्याने पेशींच्या आवरणांचं काम चांगलं केलं. कॉम्पोझिटवाल्यांची अडचण तीच होती: खरी मार खाल्लेली पॅनेलं मुळात कमी. म्हणून यू-नेट आणि त्याची भावंडं या क्षेत्रात पटकन रुळली.

यंत्राला खरोखर जमतं काय? कंटाळा न येता हजाराव्या चित्राकडे पहिल्याइतकं लक्ष देणं जमतं. ठिपक्याची कडा दर वेळी एकाच नियमाने आखणं जमतं, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या इजेशी आजची ताडून पाहता येते. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, आणि रात्रपाळीत हँगरमध्ये टॉर्च घेऊन फिरणाऱ्या माणसाकडून त्यांची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

अडचण पुढे येते. ७८७ च्या कवचात रंगाखाली विजेपासून बचावासाठी धातूची बारीक जाळी असते. कवचाच्या मागे आधारपट्ट्या चिकटवलेल्या असतात; त्या उष्णता ओढून घेतात आणि चित्रात गडद पट्टे उमटतात. दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्यामानाने उजळ दिसते. ज्या यंत्राने फक्त सपाट नमुने पाहिले, ते या उजळ जागेला इजा म्हणेल. दुरुस्तीचं ठिगळ, रंगाचा जाड थर, चिकटवलेलं लेबल, या सगळ्यांचे ठिपके उमटतात. शिवाय पुष्कळ ठिकाणी शिकवण्यासाठी टेफ्लॉनच्या गोल चकत्या थरांमध्ये पुरून ‘इजा’ बनवतात. ती स्वच्छ, गोल आणि एकाच खोलीवर असते. खऱ्या आघाताची इजा पसरट, तिरकी, अनेक मजल्यांची असते. चकत्यांवर शिकलेलं यंत्र चकत्याच ओळखायला शिकतं.

‘अचूकता ९९ टक्के’ या वाक्याने तर फार नुकसान केलं आहे. चित्रातला एक टक्का भागच इजेचा असेल, तर ‘काहीही नाही’ असं सांगणारं कोरं उत्तरही ९९ टक्के बिंदूंवर बरोबर ठरतं. म्हणून यंत्राने आखलेला भाग आणि खरा भाग एकमेकांवर किती बसतात ते मोजावं लागतं. तसंच एकाच पॅनेलच्या मालिकेतली काही चित्रं शिकवायला आणि काही परीक्षेला वापरली, तर ती परीक्षा नव्हे. प्रश्नपत्रिका आधीच हाती पडलेली असते. परीक्षेची पॅनेलं पूर्णपणे वेगळी हवीत.

विमानाच्या दुनियेत तपासणीच्या साधनाला विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे. सर्वांत लहान कोणती इजा सापडली, याला फारसं महत्त्व नाही; सर्वांत मोठी कोणती सुटली, ते सांगा. त्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याची २००९ ची सुधारित मार्गदर्शिका सापडण्याच्या शक्यतेचा आलेख काढायला सांगते, आणि नेहमीचं माप असतं ९० टक्के शक्यता, ९५ टक्के खात्रीने. हे माप किती कठोर आहे ते एका आकड्यात कळतं. एकाच आकाराच्या २९ इजा दाखवल्या तर २९ च्या २९ सापडल्या पाहिजेत. एक जरी सुटली तर मग ४६ पैकी ४५ सापडाव्या लागतात. या प्रत्येक नमुन्यात आत खरोखर काय आहे ते क्ष-किरणांनी किंवा कापून तपासलेलं असलं पाहिजे, नाहीतर यंत्राला बरोबर-चूक ठरवायचं कशावरून? असे नमुने बनवणं खर्चाचं, वेळखाऊ आणि नाव न होणारं काम आहे. माझ्या मते नव्या चेताजालांपेक्षा या कामाला आज पैसा मिळायला हवा.

ड्रोनचीही इथे चर्चा होते. एअरबसने २०१६ च्या फार्नबरो प्रदर्शनात विमानाभोवती ड्रोन फिरवून दाखवला. दोन तासांची वरून पाहणी १० ते १५ मिनिटांच्या छायाचित्रणावर आली. गारपीट झाल्यावर किंवा वीज पडल्यावर पंखाच्या वरच्या बाजूला शिडी न लावता पाहता येणं ही मोठी सोय आहे. धुळे-साताऱ्याच्या पठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पातीही कॉम्पोझिटचीच, बहुतेक काचतंतूंची, आणि तिथेही ड्रोनच्या छायाचित्रांनी दोरावर लटकून तपासण्याचं काम कमी होतं. पण साध्या कॅमेऱ्याचा ड्रोन पृष्ठभागच पाहतो. त्याच्या चित्रात पोचा नसला, तर आत काही नाही असा निष्कर्ष निघत नाही. चित्रातल्या संशयित जागेवर मग उष्णतेची किंवा ध्वनिलहरींची तपासणी व्हावी, हाच त्याचा खरा उपयोग. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियाच्या बोइंग खरेदीतून उभं राहिलेलं देखभाल केंद्र आहे. कॉम्पोझिटची विमानं सांभाळणाऱ्या अशा जागी ही साखळी रोजच्या कामात बसवावी लागेल.

संशयित म्हणायचं कशाला, हा उंबरठा यंत्रात एका आकड्याने ठरतो. तो खाली आणला तर खोट्या इशाऱ्यांनी माणसं हैराण होतात आणि काही दिवसांनी इशाऱ्याकडे पाहीनाशी होतात. वर नेला तर इजा सुटते. तो आकडा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवू नये. त्या जागी किती मोठी इजा रचना सोसते हे ज्याला माहीत आहे, त्या अभियंत्याने ठरवावा. पंखाच्या मुळाशी तो वेगळा असेल, दाराच्या चौकटीपाशी वेगळा. युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा आराखडा काढला, त्यात पहिली पायरी माणसाला मदत करणाऱ्या यंत्राची आहे. विमान सोडायची सही परवानाधारक इंजिनिअरचीच राहते. हेच योग्य आहे, फक्त त्या इंजिनिअरला यंत्र कुठे चुकतं ते ठाऊक हवं. यंत्राने सोडलेली आणि पुढे ठोकून किंवा ध्वनिलहरींनी सापडलेली प्रत्येक इजा, तिची उष्णता-चित्रं, जागा, खोली आणि मापं यांसह नोंदवली जावी, आणि त्या नोंदी कंपनीच्या बाहेर, त्याच प्रकारचं विमान उडवणाऱ्या सगळ्यांना पाहायला मिळाव्यात. अपघातांचे चौकशी अहवाल आज सगळ्यांसाठी खुले असतात. अपघात न होता सापडलेल्या या चुकांचे अहवालही तसेच खुले करायला हवेत.